आत्याबाईंनी ऑफसाइड काढून टाकला

नव्वद मिनिटं बावीस धडधाकट माणसं एका चेंडूमागे धावली, घामानं निथळली, एकमेकांच्या नडग्या फोडल्या, आणि शेवटी हातात काय, तर शून्य. पुढच्या इमारतीचं शून्य आणि मागच्या इमारतीचंही शून्य. आत्याबाईंना धक्का बसला तो शून्याचा नव्हे; शून्य त्या तीन वर्षं बघत आल्या होत्या. धक्का याचा बसला, की शेवटच्या शिट्टीनं त्यांना जाग आली तेव्हा दोन्हीकडचे खेळाडू एकमेकांचे हात हातात घेऊन मस्त झाली मॅच, मस्त झाली मॅच असं म्हणत होते. एखाद्या बाईनं दीड तास शेगडीपुढे उभं राहून शेवटी रिकामं पातेलं ताटापाशी आणून ठेवलं, तर तिला कोणी मस्त झालं म्हणेल का?

आत्याबाई म्हणजे वसाहतीच्या सचिवाची सख्खी आत्या. तो हाक मारतो म्हणून सगळी वसाहत त्यांना आत्या म्हणते. त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठा असलेला वरच्या मजल्यावरचा म्हाताराही म्हणतो, आणि हे त्यांच्या बरोब्बर लक्षात आहे. शिक्षण चौथीपर्यंत. पाचवीत गेल्या असत्या तर मास्तरांचंच काही खरं नव्हतं, असं त्यांचं प्रामाणिक मत. त्यांचे यजमान दोन इमारतींच्या मधल्या मैदानावर एकतीस वर्षं पंच होते, म्हणून ते पंचकाका. माणूस इतका नियमाचा, की पाहुणा चुकून त्यांच्या खुर्चीत बसला तरी त्यांच्या मनात शिट्टी वाजायची. एकतीस वर्षांत त्यांनी चेंडूला एकदाही पाय लावला नव्हता. पंचानं चेंडूच्या वाटेत यायचं नसतं.

त्या शून्य-शून्य सामन्यानंतर आठच दिवसांनी नगरपालिकेचं पत्र आलं. कागदोपत्री ही जागा खेळाची आहे, पण खेळ बघायला कोणी येतच नसेल तर ती खेळाची कशी, असा पत्राचा सूर होता. म्हणून पुढच्या सामन्याला एक कारकून येणार, शेवटपर्यंत थांबलेल्या दोनशे प्रेक्षकांच्या वहीत सह्या घेणार, आणि झाला तो खेळ फुटबॉलच होता अशी पंचांची सही घेणार. यातलं काहीही कमी पडलं, तर मैदानावर डांबर पडणार आणि तिथे गाड्या उभ्या राहणार. आता, यंदाच्या सामन्याला शेवटपर्यंत थांबलेली माणसं होती एकोणीस. त्यातली चार झोपलेली. आणि एक बाई कुंपणावर टाकलेली चादर वाळायची वाट बघत होती.

पंचकाकांनी पत्र वाचून घडी घालून ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून मात्र संध्याकाळ झाली की ते चुन्याची बादली घेऊन मैदानावर जायचे आणि चांगल्या ठळक रेघांवरूनच पुन्हा रेघा मारत बसायचे. आत्याबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायच्या. सहाव्या दिवशी बघता बघता त्यांचं दूध उतू गेलं. त्यांच्या हातून दूध उतू जाणं ही साधी गोष्ट नव्हती. सुनेनं ते पाहिलं आणि मुकाट्यानं फडकं आणून दिलं, एक शब्द न बोलता, एवढी ती हादरली. आत्याबाईंनी शेगडी पुसली, पदर खोचला आणि त्या सरळ वसाहतीच्या सभेत जाऊन बसल्या.

सभेत वाद चालला होता की प्रेक्षकांना खुर्च्या द्याव्यात की सरबत. आत्याबाईंनी उठून सांगितलं, की माणसं उन्हानं पळत नाहीत, कंटाळ्यानं पळतात. दोष खुर्चीचा नाही, खेळाचा आहे. ज्यानं हा खेळ काढला त्यानं घरात चार माणसांना कधी वाढलेलं दिसत नाही. नियम बदला, गोल होतील. गोल झाले की माणसं बसतील. पंचकाकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू बायकोनं भर सभेत सोडचिठ्ठी मागितली. सचिवाचा स्वभाव असा, की जो शेवटी बोलेल त्याचं त्याला पटतं. तो म्हणाला, आत्या, तूच नियम करून दे.

मग काय, सल्ल्यांना पूर आला. वरच्या मजल्यावरच्या संगीतशिक्षिका म्हणाल्या, दोन चेंडू द्या, म्हणजे भांडण राहणार नाही. विमा एजंटानं गोलकीपरचा एक हात पाठीमागे बांधायला सुचवलं आणि जाता जाता त्या हाताच्या विम्याचाही विषय काढला. जावई मागच्या इमारतीत राहतात. दातांचे डॉक्टर, आणि त्या इमारतीचा हुकमी खेळाडू. ते म्हणाले, आई, गोल दोन हात रुंद करा. मुलगा पुढच्या इमारतीचा गोलकीपर. त्याचं म्हणणं पडलं की दोन हात अरुंद करा. आत्याबाईंनी सगळ्यांचं नीट ऐकून घेतलं आणि एकाचंही घेतलं नाही.

त्यांचे नियम तीनच होते. पहिला वाढण्यातून आलेला. एकाच्या ताटात ढीग आणि दुसऱ्याचं ताट कोरडं, असं झालं की पंगतीची मजा जाते; तेव्हा ज्यानं गोल केला त्या संघानं आपल्यातला एक माणूस गोल खाल्लेल्या संघाला द्यायचा, आणि कोणता ते खाणाऱ्यानं ठरवायचं. दुसरा नियम, पाय धरून जमिनीवर लोळणाऱ्याला घरचं माणूस येऊन उठवेपर्यंत तसंच लोळू द्यायचं. आणि तिसरा, ऑफसाइड काढून टाकायचा.

या तिसऱ्या नियमामागे जुनं दुखणं होतं. पंच झाल्यापासून पंचकाका जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटली, चमचा, कप आणि आत्याबाईंच्या शिवणाच्या डब्यातलं एक बटण मांडून त्यांना ऑफसाइड समजावत आले होते. बाटली म्हणजे गोलकीपर, चमचा म्हणजे बचाव करणारा, कप म्हणजे गोल मारायला आलेला, बटण म्हणजे चेंडू. कप चमच्याच्या पुढे गेला तर गुन्हा; मग क्षणभरानं म्हणायचे की तसा नेहमीच गुन्हा नाही. आत्याबाईंना ते कधीच कळलं नाही.

"अगं, ऑफसाइड काढला तर त्यात फुटबॉल उरतो काय?" पंचकाकांनी विचारलं.

"मला कळत नाही ना, मग खोट त्या नियमात आहे," आत्याबाई म्हणाल्या.

पंचकाकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग अगदी शांतपणे म्हणाले, "शिट्टी मी वाजवीन. मैदानासाठी वाजवीन. पण हा फुटबॉल होता, असं लिहून मी सही करणार नाही."

आत्याबाई हातातला डाव तसाच धरून उभ्या राहिल्या. ज्या माणसासाठी हा सगळा खटाटोप, तोच माणूस तोंडावर नाही म्हणतो. त्या म्हणाल्या, सही लांब आहे, आधी माणसं तर थांबू देत. पण त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

नियम कागदावर उतरवायचं काम तळमजल्यावरच्या वकिलांनी आपण होऊन घेतलं. वकील मागच्या इमारतीचे कप्तान होते. वय पंचावन्न, पोट पुढे, आणि खेळताना स्वतःच्या गोलापाशी एके जागी उभं राहायची सवय. आत्याबाईंच्या तीन ओळींची त्यांनी अडीच पानं केली आणि ती मोठ्यानं वाचून दाखवली. "गोल स्वीकारलेल्या संघास सामन्याच्या वेळी मैदानरेषेच्या आत उपस्थित असलेली कोणतीही एक व्यक्ती आपल्या बाजूस घेण्याचा अधिकार राहील." आत्याबाईंना मध्येच वाटलं, की आपण माणूस म्हणालो होतो खेळाडूतला, ही व्यक्ती कुठून आली? पण विचारावं तर कळलं नाही असं दिसेल. त्यांनी मान डोलावली, आणि वर म्हणाल्या की भाषा जरा पातळ झाली आहे, पण चालेल.

नगरपालिकेत अर्ज द्यायला त्या स्वतः गेल्या. खिडकीतला कारकून म्हणाला, नियमबदलाचा अर्ज जुन्या नियमांच्या प्रतीशिवाय घेता येत नाही. जुन्या नियमांची प्रत नेली, तर म्हणाला, ही छापील आहे, हस्ताक्षरातली लागेल. पंचकाकांनी रात्रंदिवस बसून सगळं पुस्तक सुवाच्य अक्षरात उतरवून दिलं. ऑफसाइडचं पान उतरवताना त्यांनी पेनात नवी शाई भरली. मग बदलाचं कारण, असा रकाना निघाला. सचिव तिथे क्रीडासंस्कृती वगैरे लिहायला निघाला होता. आत्याबाईंनी त्याच्या हातातून पेन घेतलं आणि स्वतःच्या अक्षरात दोन शब्द लिहिले: झोप येते. अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला. सरकारी कचेरीत एवढं पटणारं कारण बऱ्याच दिवसांत आलं नसावं.

राहता राहिले कपडे. माणूस या संघातून त्या संघात गेला की अंगरखा बदलणार कसा? आत्याबाईंनी जुने पडदे काढले, शिलाई मशीनला तेल दिलं आणि दुहेरी सदरे शिवले. एका बाजूनं पिवळे, उलटले की निळे. बावीस झाले आणि कापड उरलं, म्हणून तेविसावाही शिवला. त्याला मात्र कापड पुरलं नाही, एक बाही आखूड झाली. तो त्यांनी पुसायला होईल म्हणून पिशवीत ठेवला.

सामन्याच्या दिवशी मैदानाभोवती तीनशेवर माणसं. आत्याबाईंना स्वतःच्याच नियमाचं नवल वाटलं: खेळाडू लोळला तर घरचं माणूस हवं, म्हणून बावीस घरांतून आया, बायका, सासवा, आतेभाऊ, सगळे आले होते. गंमत म्हणजे सबंध सामन्यात एकही जण लोळला नाही. बायको भर मैदानात येऊन उठवणार म्हटल्यावर मोडलेले पायही सरळ झाले. नगरपालिकेचा कारकून वही मांडीवर घेऊन बसला होता.

पहिल्या अर्ध्या तासात काय झालं? काहीही नाही. गोल केला की आपला चांगला माणूस जाणार, हे दोन्हीकडे कळलं होतं, त्यामुळे कोणी गोलाकडे फिरकेच ना. जावई चेंडू घेऊन गोलापर्यंत गेले, थांबले, विचार केला आणि परत आले. लोक जांभया देऊ लागले. कुंपणापासची चादरवाली बाई उठली. पंचकाकांची नजर रेघांवर होती. त्यांनी सकाळीच त्या पुन्हा मारल्या होत्या.

तेवढ्यात त्यांच्या मुलाच्या हातात चेंडू आला. तो आईवर गेलेला, डोकं चालवणारा. त्यानं एकवार आपल्या मेहुण्याकडे पाहिलं, एकवार हातातल्या चेंडूकडे, मग सावकाश मागे वळला आणि चेंडू स्वतःच्याच गोलात ठेवून आला. फेकला नाही, मारला नाही. बाळ पाळण्यात ठेवावं तसा ठेवला.

मैदानावर असा सन्नाटा पसरला, की चादर फडफडलेली ऐकू आली. मागच्या इमारतीचा गोल झाला होता, आणि त्यांना कळत नव्हतं की आनंद करावा की रडावं. मुलगा हात पुढे करून म्हणाला, "द्या आमचे जावई." जावयांनी सदरा उलटला, निळ्याचे पिवळे झाले. आत्याबाईंची लेक तिकडे मागच्या इमारतीच्या बायकांत बसली होती, तिला स्वतःच्या नवऱ्याला टाळ्या वाजवाव्यात की शिव्या द्याव्यात तेच सुचेना. आत्याबाई तर उभ्याच राहिल्या. नऊ महिने पोटात वाढवलेला मुलगा स्वतःच्या घरात चोर सोडतो, आणि त्याला सोय आपण करून दिली.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला काय म्हणावं ते एकालाही सांगता येईना. जावयांना परत आणायला मागच्या इमारतीनं धावत जाऊन स्वतःच्या गोलात चेंडू घातला. मग पुढच्यांनी घातला. मग प्रत्येक संघ समोरच्यांचा गोल राखू लागला, की त्यांनी त्यांच्याच गोलात चेंडू मारू नये. पिवळ्या गोलापुढे चार निळे हात पसरून उभे, आणि पिवळा गोलकीपर त्यांना चकवून मागे चेंडू टाकायच्या खटपटीत. जावयांनी सदरा इतक्यांदा उलटला की शेवटी ते तो काखेत घेऊनच पळत होते आणि विचारत होते, आत्ता मी कोणाचा? संगीतशिक्षिका खुर्चीवर चढून ओरडत होत्या. गेलेली माणसं परत आली आणि येताना गच्चीवरची घेऊन आली. नगरपालिकेच्या कारकुनानं वही जमिनीवर टाकली होती. पंचकाकांनी मात्र प्रत्येक गोलाला शिट्टी दिली, हात वर केला, वहीत लिहिलं. चेहरा असा, की आपल्याच घराला लागलेल्या आगीची वेळ टिपून ठेवावी.

नऊ-नऊ झाले. सहा मिनिटं उरली. आणि चेंडू वकिलांच्या पोटावर आदळून त्यांच्याच गोलात गेला. पुढची इमारत दहा, मागची नऊ. वकिलांनी लगेच जाहीर केलं, की पोट मुद्दाम पुढे केलं होतं. मग खिशातून अडीच पानं काढली, बोट ठेवलं आणि म्हणाले, "मैदानरेषेच्या आत उपस्थित असलेली कोणतीही एक व्यक्ती. आम्ही पंचांना मागतो."

न्यायाधीशच आपल्या बाजूनं ओढायचं वकिलांचं जन्माचं स्वप्न असणार. ते आज पुरं व्हायच्या बेताला आलं होतं. आत्याबाईंना ते वाचन आठवलं. ती व्यक्ती. तेव्हाच विचारलं असतं तर. नियमासाठी जगलेल्या माणसाला त्यांनी नियमात घालून विकला होता, तोही मान डोलावून.

पंचकाकांनी कागद हातात घेतला. एकदा वाचला. पुन्हा वाचला. सगळ्यांना वाटलं, फाडून टाकतील. त्यांनी त्याची नीट घडी घातली आणि म्हणाले, "लिहिलंय खरं."

मग गळ्यातली शिट्टी काढली. वकील घाईघाईनं म्हणाले, शिट्टी राहू द्या, आमच्याकडूनच वाजवा. पंचकाकांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "एकतर मी तुमचा, नाहीतर शिट्टीचा," म्हणत ते रेघ ओलांडून आत्याबाईंपाशी आले आणि शिट्टी त्यांच्या गळ्यात घातली. "नियम तुझे आहेत. पुढचं तू बघ."

आत्याबाईंनी पिशवीतला तेविसावा सदरा काढून दिला. पंचकाकांनी तो निळ्या बाजूनं घातला. सदुसष्ट वर्षांचा माणूस, एक बाही कोपरापर्यंत, आणि मैदानाच्या मधोमध उभा. कुठं उभं राहायचं तेच त्याला माहीत नाही, कारण सगळं आयुष्य चेंडूला वाट देण्यात गेलेलं. पहिल्यांदा चेंडू आला तेव्हा ते सवयीनं उडी मारून बाजूला झाले. लोक हसले. आत्याबाईंनी वळून असं पाहिलं की पुढची रांग गप्प झाली.

गडबडीत ते सरकत सरकत पार पुढच्या इमारतीच्या गोलापाशी पोचले. शेवटचं मिनिट. जावई त्या घटकेला निळे होते. त्यांनी लांबून चेंडू उंच मारला. तो पंचकाकांसमोर पडला, एकदा उडाला. समोर गोलात स्वतःचा मुलगा, आणि मध्ये कोणी नाही. पंचकाकांनी डोळे मिटले आणि पाय उचलला.

चेंडू गोलात गेला. बूट त्याच्या पाठोपाठ गेला. मुलानं बूट अडवला.

सबंध सामन्यातला समोरच्याच्या गोलात मारलेला हा एकच गोल. तीनशे माणसांचा असा आवाज उठला, की मागच्या इमारतीच्या खिडक्या उघडल्या. आणि गोल करणारा काय करतो आहे? एका पायात बूट, दुसऱ्यात मोजा, आणि हात वर. ऑफसाइड दाखवताना पंच करतात तसा ताठ. ते लंगडत रेघेपाशी आले.

"हा धरता येणार नाही. मी ऑफसाइड होतो."

"ते काय असतं?" आत्याबाईंनी विचारलं.

"अगं, एकतीस वर्षं सांगतोय."

"माझ्या नियमात नाही," आत्याबाई म्हणाल्या आणि शिट्टी तोंडात धरली. पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा मात्र अशी वाजली, की कोणी थांबवेपर्यंत थांबली नाही. दहा-दहा. सामना बरोबरीत सुटला. एवढं रामायण करून पुन्हा बरोबरीच. पण वहीत तीनशे अठरा सह्या पडल्या. चादरवाल्या बाईनं तर दोन केल्या.

कारकुनानं कागद पुढे केला. झालेला सामना फुटबॉलचा होता, खाली पंचांची सही. त्यानं पंचकाकांकडे पाहिलं. पंचकाकांनी मान खाली घातली. त्यांच्या निळ्या सदऱ्याची आखूड बाही चुन्यानं माखली होती. ते कागदाला हात लावणार नाहीत, हे आत्याबाईंना ठाऊक होतं.

"त्यांच्याकडे काय बघता?" त्या म्हणाल्या. "ते खेळाडू. शिट्टी कोणाच्या गळ्यात आहे?"

कारकुनानं शिट्टीकडे पाहिलं, नियमांच्या कागदाकडे पाहिलं, आणि पेन त्यांच्या हातात दिलं. आत्याबाईंची सही सावकाश होते. एकेक अक्षर त्या टाका घालावा तसं घालतात. शेवटच्या अक्षराचा काना त्यांनी असा खाली ओढला की कारकुनाचा कागद फाटता फाटता राहिला. मैदान राहिलं.

संध्याकाळी चहाच्या वेळी पंचकाकांना चैन पडेना. त्यांनी मिठाची बाटली ओढली, चमचा आडवा ठेवला, कप मांडला. शिवणाच्या डब्यातलं बटण मागितलं. आत्याबाईंनी दिलं.

"हे बघ. ही बाटली म्हणजे आपला मुलगा. हा चमचा त्यांचा शेवटचा गडी. हा कप म्हणजे मी." त्यांनी बटणावर बोट ठेवून ते टेबलावरून सरकवलं. "चेंडू जावयांच्या पायातून निघाला, तेव्हा मी कुठं होतो?"

आत्याबाईंनी कपाकडे पाहिलं. आजवर तो नुसता कप असायचा. आज त्याला आखूड बाही होती. आणि एकाएकी त्यांना सगळं लख्ख दिसलं: बटण निघालं तेव्हा कप चमच्याच्या पुढे होता, चांगला हातभर, आणि बाटलीखेरीज मध्ये कोणीही नव्हतं. एवढं साधं.

पंचकाका वाट बघत होते.

"नाही बाई, मला नाही कळत," आत्याबाई म्हणाल्या. "गोल झाला एवढं मी पाहिलं."

पंचकाकांनी थोडा वेळ मांडणीकडे पाहिलं. मग म्हणाले, अवघडच आहे तो नियम, आणि कप उचलून त्यातला चहा प्यायले. तेव्हापासून आजतागायत त्या गोलाबद्दल त्यांनी हात वर केलेला नाही. आत्याबाईंना मात्र आयुष्यात पहिल्यांदाच एक गोष्ट पक्की कळली होती, आणि ती त्यांनी कोणालाही सांगितली नाही.